आमच्या होडीला टेप बसवला तेव्हा

“जालन्यात होडी?” मस्तगडच्या दुकानदारानं मला विचारलं. “मॅडम, इथं नळाला पाणी येईना अन् तुमी होडी कुठून काढली?”

दुकानात बसलेली दोन गिऱ्हाइकं हसली. मीही हसले असते, पण त्या दिवशी मी शाळेतून अर्धी रजा टाकून आले होते आणि अर्धी रजा टाकलेल्या बाईला विनोद पचत नाही. मी म्हटलं, होडी आहे, पत्र्याची आहे, जाफराबादकडं आमच्या गावच्या तलावात आहे, आणि तिच्यात गाणी वाजायला पाहिजेत. दाखवायचं असेल तर दाखवा, नाहीतर शेजारचं दुकान उघडंच आहे.

तो उठला. “दाखवतो न. आमी ट्रॅक्टरला बसवतो, वरातीच्या गाडीला बसवतो. होडीला काहून न्हाई बसवणार?”

आमच्याकडं गाडीत गाणी वाजवायच्या सगळ्या यंत्राला ‘टेप’च म्हणतात. त्यातली फीत जाऊन जमाना झाला, नाव काही गेलं नाही. तर मला माझ्या बापाच्या होडीला टेप बसवायचा होता, आणि त्याचं कारण त्या दुकानदाराला सांगण्यासारखं नव्हतं. बाबा पाण्यावर जायचे थांबले होते. काका गेल्यापासून त्यांनी वल्ह्याला हात लावला नव्हता. मला त्यांना परत पाण्यावर पाठवायचं होतं, एवढंच.

बाबा आणि काका, दोघं सख्खे भाऊ. काका धाकटा. होडी दोघांची, जाळी दोघांची. संध्याकाळी जाळी टाकायची, पहाटे काढायची. बाबा वल्ही मारायचे आणि काका मागच्या फळीवर बसून जाळं सोडायचा. वल्ही मारणाऱ्याची पाठ होडीच्या तोंडाकडं असते, त्यामुळं बाबांचं तोंड सदा काकाकडं. जन्मभर त्या दोघांनी एकमेकांची तोंडं जेवढी पाहिली तेवढी आपापल्या बायकांचीही पाहिली नसतील. हे मी नाही, माझी माय म्हणायची, आणि ती काही कौतुकानं म्हणायची नाही.

काका बोलका होता असं म्हणणं म्हणजे उन्हाळा थोडा गरम असतो असं म्हणणं झालं. होडीत पाय ठेवला की तो सुरू व्हायचा आणि उतरेपर्यंत थांबायचा नाही. लहानपणी सुट्टीत मला पहाटे बरोबर न्यायचे. मी मधे जाळ्यांच्या ओल्या ढिगावर बसायची, अंगावर मायचं जुनं लुगडं. पाणी अजून काळंच असायचं. काका जाळं ओढता ओढता निघालेल्या प्रत्येक माशाची विचारपूस करायचा. “ये बाई, ये. माहेरी निघाली व्हती का? नवऱ्यासंग भांडण झालं? बरं बरं, बस आता.” एखादी मरळ हातातून निसटली की तिच्या सात पिढ्यांचा उद्धार. मग गावातल्या लोकांच्या भानगडी, मग जावळातल्या पोरांपासून सरपंचापर्यंत सगळ्यांच्या नकला. बाबा मान खाली घालून वल्ही मारायचे आणि अधूनमधून “हूं” म्हणायचे. होकाराचा हूं वेगळा, नको म्हणायचा वेगळा, आणि हसू आवरलं की निघणारा तिसराच. मला ते सगळे ओळखू यायचे. आज चांगल्या चांगल्या लोकांची भाषणं ऐकते मी, पण त्या हूं-इतकं ऐकावंसं वाटणारं काही मिळत नाही.

काका पाण्यात गेला नाही. हे मला दर वेळी सांगावं लागतं, कारण मासे मारणारा माणूस गेला म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यात आधी पाणी येतं ते तलावाचं. तो घरी गेला. दुपारी जेवला, भाकरी कडक झाली म्हणून काकूशी भांडला, खाटेवर पडला आणि उठला नाही.

त्यानंतर होडी काठावर पालथी पडली. बाबांनी ती तशी घातली नाही, माझ्या भावानं घातली, पाणी साचू नये म्हणून. तिच्यावर शेळ्या चढून बसायच्या. पोरं घसरगुंडी करायची. बाबा काठावरच्या बाभळीखाली बसून दुसऱ्यांची जाळी विणून द्यायचे. कधी निंदायला जायचे, मजुरीनं. पाण्यावरचा माणूस दुसऱ्याच्या सोयाबीनमधे उकिडवा बसलेला मी पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. मी मायला म्हटलं, हे काय चाललंय? माय म्हणाली, “मला काय इचारती? मी इचारून थकले. म्हणत्यात, जातो. अन् जात न्हाईत.”

भावाचा इथं उपयोग नव्हता. तो जाफराबादच्या रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवतो. रस्त्यावर वाघ, पण होडीत बसला की त्याला मळमळतं. कोळ्याच्या नाही तरी मासे मारणाऱ्याच्या घरात असं पोर जन्मावं, यावर काकाकडं पूर्ण सकाळभर पुरेल एवढा मजकूर होता.

टेपची कल्पना त्याच जीपमधे सुचली. दिवाळीत मी गावी आले होते, बाबा पुढच्या सीटवर बसले होते, भावानं काहीतरी जुनं गाणं लावलं होतं. बाबांचं बोट गुडघ्यावर हललं. मी मागून पाहिलं. झालं, माझ्या डोक्यात किडा शिरला. काका गेला, पण नुसता काका नाही गेला, होडीतला आवाजही गेला. तो आवाज परत आणला तर माणूस जाईल पाण्यावर. मला ते गणितासारखं सरळ दिसायला लागलं.

घरी बोलले तर माय म्हणाली, “नाकापेक्षा मोती जड. होडी केवढी अन् तिला टेप.”

बाबा म्हणाले, “मासा काय बहिरा हाय? गाणं ऐकून पळून जाईल.”

मी म्हटलं, “काकाच्या बडबडीनं इतकी वर्षं पळाला नाही तो गाण्यानं पळणार?”

त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी काकाचं नाव काढलं होतं. मायनं माझ्याकडं डोळे वटारले. बाबा उठता उठता म्हणाले, “कर तुला काय करायचं ते.” याला मी परवानगी धरलं. दुसऱ्या कोणी धरलं नसतं.

तर मस्तगड. दुकानदारानं आधी मला माझ्या कमरेएवढे दोन डबे दाखवले, निळे दिवे लुकलुकणारे. “ह्याचा धमका पाहा. छातीत बसतो.” त्यानं तो लावून दाखवला. समोरच्या दुकानात कापड मोजणारा माणूस मोजता मोजता थांबला. मी सांगितलं की मला छातीत काही बसवायचं नाही. एकटा म्हातारा माणूस पहाटे पत्र्याच्या होडीत बसलेला असतो, सगळं चिडीचूप असतं, अशा वेळी जवळ बसून कोणी बोलल्यासारखा आवाज पाहिजे.

“मंग तुमाला डबा न्हाई, माणूस पाहिजे,” तो म्हणाला.

ते तो सहज बोलला असावा. मला मात्र ते नीट लागलं आणि मी जरा जास्तच तावानं भाव करायला सुरुवात केली. शेवटी आम्ही मोटारीतला एक टेप काढला, रेडिओ आणि पेन ड्राइव्ह दोन्ही चालणारा. मधल्या मापाचे दोन स्पीकर, त्यातला पडदा कागदाचा नको, प्लॅस्टिकचा, म्हणजे दमटपणानं फुगणार नाही. ते बसवायला एक जाड लाकडी डबा. बॅटरीवर आमचं पुन्हा वाजलं. मला छोटी हवी होती, उचलायला सोपी. तो म्हणाला, छोटी घेतली तर दुपारपर्यंत मुकी होईल, मोठीच घ्या, बिलकुल तक्रार येणार नाही. मी मोठी घेतली. ती मी आणि एका भल्या हमालानं मिळून रिक्षात घातली, रिक्षातून एसटीत घातली, आणि कंडक्टरनं माझ्याकडं पाहून विचारलं, “मावशी, हिचं तिकीट पूर्ण का अर्धं?” मी चाळिशीचीही नव्हते. मावशी.

आता बसवायचं कोणी, तर जाफराबादला ट्रॅक्टरला टेप बसवणारा एक कारागीर भावाच्या ओळखीचा होता. आमच्या भागात ट्रॅक्टरला टेप नसेल तर त्यावर ड्रायव्हर टिकत नाही, त्यामुळं त्याला दिवसभर उसंत नसायची. तो काही तलावावर यायला तयार होईना. मग होडीच त्याच्याकडं न्यायची ठरली. भावानं कोणाची तरी ट्रॉली आणली, चौघांनी होडी चढवली, आणि आमची होडी जाफराबादच्या बाजारातून निघाली. रस्त्यावरच्या लोकांना करमणूकच झाली. एक म्हणाला, पाऊस लई सांगितलाय का? दुसरा म्हणाला, मुलगी बघायला चालली वाटतं. भाऊ सगळ्यांना हात करत होता. काका असता तर प्रत्येकाला जागच्या जागी उत्तर मिळालं असतं, हे मला तेव्हा वाटलं आणि ट्रॉलीत बसल्या बसल्या रडू आलं. लोकांना वाटलं धूळ गेली.

बाबा आले नाहीत. “तुमी जा,” म्हणाले, “मला जाळं पुरं करायचंय.”

कारागीर कामात वाकबगार होता. ट्रॅक्टरला जसं बसवायचं तसं त्यानं मनापासून बसवलं. ड्रायव्हरच्या तोंडासमोर आवाज पाहिजे म्हणून डबा होडीच्या पुढच्या टोकाला. बॅटरीही तिथंच, वायर कमी लागते म्हणून. लोखंडी पट्ट्या, बोल्ट, रबर, सगळं पक्कं. मी तेव्हा दुकानाच्या आत बसून पेन ड्राइव्हवर बाबांच्या आवडीची गाणी निवडत होते. भाऊ बाहेर उभा होता. शेवटी कारागिरानं ड्रिल घेतलं आणि बॅटरीच्या बुडाशी, होडीच्या तळाला, एक बोटाएवढं भोक पाडलं.

का, तर ट्रॅक्टरवर तो नेहमी पाडतो. पाऊस पडला, गाडी धुतली की बॅटरीच्या खाली पाणी साचतं, साचलं की लोखंड सडतं. भोक असलं की पाणी निघून जातं.

भावानं ते भोक पाहिलं. त्यानं मला नंतर शपथेवर सांगितलं की त्याला ते चांगलंच वाटलं. त्याच्या जीपलाही तसं आहे. कोरड्या रस्त्यावर जन्म काढलेल्या दोन माणसांनी एका होडीच्या तळाला पाणी बाहेर जायला वाट करून दिली आणि चहा पिऊन एकमेकांचा निरोप घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी पाण्यात सोडायची. मायनं हळदकुंकू आणलं, टेपलाही बोट लावलं. काकू पदर डोक्यावर घेऊन तिच्या दारात उभी राहिली, खाली आली नाही. तिचं घर आमच्या घराला लागून, अंगण एकच. काका गेल्यापासून ती कोणाकडून काही घेत नव्हती. मायनं कालवण दिलं की दुसऱ्या दिवशी तेच भांडं डाळीनं भरून परत यायचं. पोरी लग्न होऊन गेलेल्या, घरात एकटी, कापूस वेचायला जायची आणि मान ताठ ठेवायची. बाबा तिच्याशी बोलायचे नाहीत. बोलत नव्हतेच कधी, थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची आमच्याकडं पद्धत नाही. पण काका गेल्यावर ते तिच्या दारावरून जायचंही टाळायचे, मागच्या बाजूनं फेरा घालून यायचे. मला वाटायचं, दुःख आहे.

नारळ फोडला. बाबा बाभळीखाली बसले होते, आमच्याकडं पाठ करून, जाळ्यात मान घालून. मी आणि भावानं होडी ढकलली. मी आत चढले, भाऊ गुडघाभर पाण्यात. मी टेप लावला. गाणं सुरू झालं, तलावावर गेलं, समोरच्या काठावर आपटून परत आलं. मी बाभळीकडं पाहिलं. बाबांनी मान वर केली नव्हती.

मग मला दिसलं की होडी सरळ नाही. सगळं वजन पुढं. म्हशीनं पाणी प्यायला तोंड खाली घालावं तसं होडीनं तोंड घातलं होतं, आणि मागची फळी हवेत. मी मागं सरकायला गेले तर पायाला गार लागलं. बॅटरीच्या बुडाशी पाणी वर येत होतं, संथपणे, जसं काही त्याला बोलावणं होतं.

“भाऊ, पाणी.”

“कुठं?”

“होडीत.”

“निघून जाईल,” भाऊ म्हणाला. “भोक हाय न तिथं.”

हे वाक्य त्याच्या मुलांना मी अजून सांगते.

मी पाण्याकडं बघत होते म्हणून बाबा कधी उठले ते मला कळलंच नाही. ते पाण्यातून चालत आले, धोतरासकट, छातीपर्यंत. होडीच्या कडेला हात ठेवला आणि वर आले, वयाच्या मानानं फार हलके. मला खांद्याला धरून मागच्या फळीवर बसवलं. भोक कुठं आहे ते शोधावंही लागलं नाही त्यांना, पायानं चाचपलं आणि टाच दाबून बसले. गाणं चालूच होतं.

“हे बंद कर,” ते म्हणाले. मी बंद केलं.

टाच न हलवता, होडीच्या तोंडाकडं बघत, त्यांनी वल्ही लावली आणि आम्ही काठाला आलो. वाटेत ते कारागिराबद्दल, भावाबद्दल आणि माझ्या शिक्षणाबद्दल बरंच काही बोलले. काका गेल्यापासून ते एवढं सलग बोललेले मी ऐकलं नव्हतं. मी सगळं गपचूप ऐकून घेतलं. बोलणी बसत होती आणि मला आनंद होत होता, कारण माझा बाप वल्ह्यावर बसला होता.

त्या भोकानं जे केलं ते टेपनं केलं नसतं. होडी बिघडलेली त्यांना बघवेना. त्याच दिवशी त्यांनी डबा आणि बॅटरी उतरवायला लावली आणि होडी पालथी घातली, स्वतः. पत्रा घासला, जुन्या ट्यूबचा तुकडा कापला, दोन्हीकडून पट्टी लावून आवळली, वरून डांबर. मग म्हणाले, पुढच्या पट्ट्या सगळ्या काढ, हा डबा इथं चालायचा नाही. “माझ्या पाठीला काय कान हायत? मला कोण मागून बोललेलं चालत न्हाई.”

भावानं विचारलं, “मंग कुठं बसवू?”

बाबा मागच्या फळीकडं बघत राहिले. मी मुद्दाम पाण्याच्या बादलीकडं गेले.

“होडीला मागं वजन पाहिजे,” ते म्हणाले. “तो व्हता तवा बराबर बसायची. तिथंच बांध.”

डबा आणि बॅटरी काकाच्या फळीवर गेली. आम्ही होडी पाण्यात सोडून बाबांना वल्ह्यावर बसवलं. ती पूर्वीसारखी सपाट बसली. दुकानदारानं मला मोठी बॅटरी गळ्यात मारली होती, तिचं वजन असं कामी आलं. बाबांनी दोन्ही कडांना हात लावून पाहिलं, पाणी कुठपर्यंत येतंय ते पाहिलं. संध्याकाळी एकटेच जाळी टाकून आले.

पहाटे मी काठावर होते. माझी रजा संपत आली होती आणि मला हे बघितल्याशिवाय जायचं नव्हतं. ते निघाले, तेव्हा उजाडायला लागलं होतं. मी निवडलेलं गाणं लागलं. एक कडवं वाजलं आणि बंद झालं. दुसरं लागलं, तेही बंद. मग खरखर, मग एक माणूस बोलायला लागला. रेडिओ. आधी बाजारभाव, मग कपाशीवरच्या कुठल्याशा किडीची माहिती, कोणी साहेब सावकाश सांगत होते, फवारणी कशी करावी, किती करावी. बाबांना कपाशीचं काय? आमच्या घरात कपाशीचं एक रोप नाही. पण ते साहेब लांबवर, तलावाच्या मधोमध, बोलत राहिले, आणि मधेच मला बाबांचा आवाज आला. ते साहेबांना म्हणत होते, “एवढं औषध कोण मारतं? तुमी मारलं का कधी?”

मी काठावरच्या दगडावर बसून हसले, आणि मग हसता हसता जे व्हायचं ते झालं. मी इतकी गाणी निवडली होती. त्यांना गाणं कशाला लागत होतं? गाण्याशी भांडता येत नाही.

उन्हं वर आली तेव्हा ते परत आले. जाळ्यात चांगले मासे होते, बऱ्याच दिवसांत आमच्या जागेकडं कोणी फिरकलं नव्हतं. चिलापी बरीच, चार-दोन चांगले रोहू, एक मोठी मरळ. त्यांनी काठावर ओलं पोतं अंथरलं आणि वाटे घालायला बसले.

आमच्याकडं वाट्याचा नियम आजोबाच्याही आधीपासून आहे. होडीत जेवढे बसले तेवढे वाटे, आणि एक वाटा होडीचा आणि जाळ्याचा, त्यातून डागडुजी आणि सूत. जो बसला त्याला मिळतो. जो बसला नाही त्याला मिळत नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना, आजारी का असेना. त्याला कालवण मिळेल, उसनं मिळेल, दया मिळेल, वाटा नाही. म्हणून तर वाट्याला मान.

बाबांनी तीन ढीग घातले.

मला वाटलं, सवयीनं झालं असेल. मी हळूच म्हटलं, “बाबा, आता दोनच घालायचे.”

“मागं कोण बसलं व्हतं?” ते म्हणाले.

“मागं? कोणी नाही. डबा.”

“बसला व्हता न? वजन धरलं. जाऊन येस्तोवर टकळी चालू व्हती त्याची.” त्यांनी एक रोहू उचलून तिसऱ्या ढिगात टाकला. “त्या फळीचा वाटा तिच्या घरी जातो. लई वर्सापासून जातो.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, मासे सारखे करत राहिले.

“मी येकटा गेलो असतो,” ते म्हणाले, “तर तिला काय म्हणून दिलं असतं? अन् तिनं काय म्हणून घेतलं असतं?”

म्हणजे एवढे दिवस हे होतं. आम्ही सगळे समजत होतो की त्यांना पाण्यावर करमत नाही. करमत नव्हतंच, पण माणूस न करमताही कामाला जातो. एकटं जायचं म्हणजे काकूच्या दारात वाटा द्यायचा थांबवायचा, आणि रोज दोनच ढीग घालायचे, आणि पोतं घेऊन तिच्या दारावरून जायचं. त्यापेक्षा त्यांनी दुसऱ्याचं सोयाबीन निंदलं.

“जा, देऊन ये,” ते म्हणाले.

मी पाटीत तो ढीग घेऊन निघाले. मला खरं सांगायचं तर भीती वाटत होती. काकूनं विचारलं, कसला वाटा, तर काय सांगू? एका लाकडी डब्याचा? ती पाटी माझ्या हातातच ठेवून आत निघून गेली असती तर मी बाबांना कोणत्या तोंडानं सांगणार होते? ते पुन्हा वल्ह्याला हात लावणार नव्हते, एवढं मला कळत होतं.

काकू चुलीपुढं होती. मी पाटी उंबऱ्यात ठेवली आणि बाबा म्हणाले होते तेवढंच म्हटलं, “मागच्या फळीचा वाटा.”

ती उठून आली. खाली बसली. तिनं पहाटेपासून तो रेडिओ ऐकला असणार, अंगण एकच आणि पाण्यावरून आवाज कुठंही जातो. तिनं मासे चाळून पाहिले, एकेक, बोटानं दाबून. मग त्यातली मोठी मरळ उचलून माझ्या हातात दिली.

“मोठा मासा होडीच्या वाट्यात जातो,” ती म्हणाली. “तुझ्या बाबांना म्हणावं, वाटा बराबर करा. जादाचं मला नको.”

“आणि हे बाकीचे?”

“हे माझे हायत न,” ती म्हणाली, जशी काही मी वेडगळ प्रश्न विचारला होता. तिनं विळी ओढली आणि परातीत पाणी घेतलं. मी मरळ घेऊन वळले तेव्हा मागून तिचा आवाज आला, जरा चिरकलेला. “अन् म्हणावं, उद्या जल्दी या. उन्हानं मासा नरम पडतो.”

मी बाबांना निरोप दिला, जसा होता तसा. त्यांनी मरळ घेतली आणि होडीच्या ढिगात टाकली. मग उठले, होडीत चढले, मागच्या फळीवरची बॅटरी सोडवली. ती उचलायला दोन माणसं लागायची. मी पुढं झाले तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं, एकट्यानं ती घरापर्यंत नेली, आणि भिंतीजवळ बसून, वायर कुठं कोणती ते दोनदा तपासून, चार्जिंगला लावली.